हिलेवीमावशीची रेघ

लेरवीक गावात कुणाकडे कॉफीला जायचं तर हिलेवीमावशीच्या शेजारची खुर्ची पकडू नये, हे पोरासोरांनाही ठाऊक होतं. कॉफी ओतण्याआधी बाई कप उचलणार, बोटाच्या पेराने टकटक करणार, कानाशी नेणार आणि यजमानिणीला ऐकू जाईल असं म्हणणार, "तडा गेलाय. असू दे, चालवून घेऊ."

यात तिचा दोष नव्हता. गावातल्या चिनीमातीच्या कारखान्यात तिने चौतीस वर्षं एकच काम केलं होतं, खोट काढण्याचं. भट्टीतून निघालेलं प्रत्येक भांडं तिच्या खिडकीजवळच्या टेबलावर यायचं. झिलईत टाचणीएवढं भोक दिसो की तळ केसभर कललेला असो, ती हिऱ्याच्या टोकाने तळावरच्या शिक्क्यावर आडवी रेघ ओढायची. रेघ पडली की माल दुय्यम. तो शहरात जायचा नाही, शुक्रवारी मागच्या शेडमध्ये कामगारांना पाव किमतीत मिळायचा. अख्ख्या लेरवीकचे संसार त्या रेघेवर उभे राहिले होते. पुढे भाची सिव हिने होणारा नवरा दाखवायला आणला, तेव्हा मावशीने त्यालाही खिडकीशी उभं करून गोल फिरवलं आणि निकाल दिला, "डावा खांदा उतरलाय. पण टिकेल." टिकला बिचारा.

या रेघेचा हाडवैरी म्हणजे स्तूरे. कारखान्याच्या स्टुडिओत हाताने घडवलेली भांडी नावाजलेल्या कलाकारांच्या सहीने विकली जायची, पण चाकावर हात असायचा स्तूरेचा. चौतीस वर्षांत त्या गृहस्थाने आपल्या भांड्यातली एक खोट कबूल केली असेल तर शपथ.

"तुझा डोळाच वाकडा आहे, हिलेवी," तो म्हणायचा.

"नाचता येईना अंगण वाकडं," ती म्हणायची आणि रेघ ओढायची.

कारखाना बंद पडला. ज्या वाडग्यांतून आम्ही उकडलेले बटाटे खाल्ले, त्यांच्यासाठी जगभरचे हौशी लोक वेडे झाले, ते त्यानंतर. पंचाण्णव सालच्या सप्टेंबरात चर्चच्या सभागृहात स्टॉकहोमचा एक जाणकार जुनी भांडी पारखायला आला. सात प्रकारची बिस्किटं मांडली गेली, कारण सहा मांडली असती तर गावाची अब्रू गेली असती. मावशीला मानाने पाहुण्याशेजारी बसवलं होतं. तिथे कुणाची तरी कॉफी टेबलक्लॉथवर सांडली आणि मावशीने सिवला फर्मावलं, "घरी जा. माझ्या कपाटातून धुतलेला आण."

सिव टेबलक्लॉथ घेऊन आली. आणि कपाटात त्याच्याखाली लपवलेला वाडगाही.

"मावशी, हा कधी दाखवला नाहीस गं!" म्हणत तिने तो थेट पाहुण्यापुढे ठेवला.

मावशीच्या हातातलं वेलदोड्याचं बिस्किट हातातच राहिलं. गडद निळा वाडगा, काठापासून तळाकडे उतरत गेलेल्या सशाच्या लवेसारख्या बारीक तपकिरी रेषा. सत्तावन्न साली तो तिच्या टेबलावर आला, तेव्हा तिने पाव तास तपासला होता. खोट नव्हती. म्हणजे तो शहरातल्या दुकानाच्या काचेत जाणार होता आणि तीन आठवड्यांच्या पगारातही तिला मिळणार नव्हता. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि रेघ ओढली. चौतीस वर्षांतली ती एकच खोटी रेघ. तेव्हापासून वाडगा कपाटात टेबलक्लॉथखाली होता.

पाहुण्याने वाडगा उलटा केला. "दुय्यम," तो म्हणाला. मग भिंग काढलं, वाडगा दिव्याखाली धरला, वाजवून पाहिला. "पण खोट कुठे आहे? मला तर सापडत नाही. ज्याने ही रेघ मारली त्याला दिसत होतं ना?"

मागून म्हातारा एव्हर्ट उठला. "म्हणजे माझ्या बरणीवरची रेघ पण चुकीचीच असणार!"

"आणि आमच्या किटलीवरची?" त्याची बायको म्हणाली.

मावशीची इकडे आड तिकडे विहीर झाली. गप्प राहावं तर डोळा गेला, बोलावं तर इमान गेलं. या दोहोंशिवाय तिच्याकडे दुसरी मिळकत नव्हती.

तेवढ्यात काठी टेकत स्तूरे उभा राहिला. ऐंशीला टेकलेला.

"खोट आहे," तो म्हणाला. "मी केलाय, मला माहीत. तळ कललाय. त्या दिवशी माझं डोकं दुखत होतं."

स्तूरे आणि खोट कबूल करतोय! एव्हर्टचं बिस्किट कॉफीत बुडालं ते त्याला कळलंही नाही. मावशी वाचली होती. फक्त मान हलवायची होती.

तिला ते जमेना.

"बस खाली, स्तूरे!" ती कडाडली. "कसला कललाय? तुझ्या हातून तळ कधी कललेला नाही, झिलईत घाई करायचास ती गोष्ट वेगळी. या वाडग्यात खोट नाही. रेघ खोटी आहे. मला तो हवा होता आणि परवडत नव्हता, म्हणून ओढली. झालं?"

एव्हर्टने घाबरत विचारलं, "मग माझी बरणी?"

"तुझी बरणी मी दया म्हणून फोडली नाही!"

सभागृहात असा हशा पिकला की पाहुण्याचं भिंग टेबलावरून खाली पडलं. स्तूरे मात्र हसला नाही. डोळे पुसत खुर्चीत बसला.

"मला त्याच शुक्रवारी कळलं होतं," तो म्हणाला. "तू पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरून नेलीस. दुय्यम माल असा कुणी नेत नाही."

"मग बोलला का नाहीस रे इतकी वर्षं?"

"तू माझ्या भांड्याला कधी तोंडाने चांगलं म्हणतेस, त्याची वाट बघत होतो."

मावशीला भरून आलं, आणि ते लपवायचंही तिला सुचलं नाही. तिने हाताला येईल तो कप घेतला, न वाजवता, न उलटवता, त्यात कॉफी ओतली आणि त्याच्यापुढे ठेवली.

स्तूरेने पेराने टकटक केलं, कप कानाशी नेला.

"तडा गेलाय," तो म्हणाला आणि कॉफी प्यायला.