चुन्याच्या रेषेवर बसलेली गंगाक्का

चुन्याच्या रेषा मारून झाल्या होत्या, चारी कोपऱ्यांत लाकडी पेग ठोकले होते आणि शरणप्पा मुकादमाने पहिला टिकाव उचलला होता. तेवढ्यात एक बाई आली. रिकामी घागर शेजारी ठेवून ती थेट दक्षिणेच्या रेषेवर मांडी घालून बसली.

"उठा अक्का, काम सुरू व्हायलंय," शरणप्पा म्हणाला.

"म्हनूनच बसले. हितं कामून खंदायलाव? खाली आमचं पानी हाय."

निजामी अमलातली गोष्ट. मी ओव्हरसियर होतो आणि हुमनाबादकडच्या एका मोठ्या गावात सरकारी दवाखाना बांधायचं काम माझ्याकडे आलं होतं. स्वतंत्रपणे मिळालेलं माझं पहिलंच काम. पाचव्या दिवशी तालुकदारसाहेब, म्हणजे आजच्या भाषेत कलेक्टर, पायाभरणीला येणार होते. तोवर फाउंडेशनचे चर खणून तयार हवे होते.

बाई म्हणत होती ते पाणी मला ठाऊक नव्हतं असं नाही. गावाला जुन्या काळचा खापरी नळ होता. खापरी नळ म्हणजे भाजक्या मातीच्या नळकांड्या एकीत एक बसवून, चुन्याने सांधून जमिनीखाली घातलेली पाण्याची लाइन. वाटेत ठरावीक अंतरावर दगडी मनोरे असतात, त्यांना उसासे म्हणतात. तिथे नळातली हवा बाहेर पडते आणि आत डोकावून पाणीही बघता येतं. गावाबाहेरच्या झऱ्यापासून असे तीन उसासे ओलांडून पाणी खालच्या गल्लीतल्या हौदात पडायचं. चैत्र लागला होता आणि गल्लीतल्या विहिरींनी तळ गाठला होता. सगळी गल्ली त्या एका हौदावर जगत होती. नळ फुटला असता तर तशी खापरी घडवणारा माणूस आसपास उरलेला नव्हता.

नकाशात हा नळ नव्हताच. पण मी काही दूधखुळा नव्हतो. आमची जागा दुसऱ्या आणि तिसऱ्या उसाशाच्या मधे येत होती. मी दोन्हींच्या मधे सरळ दोरी धरली आणि तिच्यापासून वीस फूट उत्तरेला सोडून दवाखाना आखला. वर स्वतःवर खूषही झालो.

हे मी त्या बाईला, गंगाक्काला, समजावून सांगितलं. तिच्या सासरच्या घराकडे पिढ्यान् पिढ्या हौद आणि नळ साफ करायचं काम होतं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "नळ सरळच जातोय, हे तुमाला कुनी सांगितलं?"

चिडून मी म्हटलं, "बरं, दाखवतोच." दोरीखाली दोन ट्रायल पिट घेतले. ट्रायल पिट म्हणजे खाली काय आहे ते बघायला हाताने खणलेला छोटा खड्डा. छातीइतकं खाली गेलो. दोन्हींत मुरूम निघाला. नळाचं नाव नाही.

नेमकी त्याच वेळी आमच्या खात्याच्या मोठ्या साहेबांची मोटार आली. साहेब हैदराबादचे, घाईचे गृहस्थ.

"नक्शे में नल है?"

"नाही साहेब."

"गड्ढे में मिला?"

"नाही साहेब."

"तो फिर रोना किस बात का? काम शुरू करो."

"साहेब, दोरीखाली नाही म्हणजे दुसरीकडे कुठेतरी आहे. पाणी तर वाहतंय."

साहेबांनी रेषेवर बसलेल्या बाईकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. "कल दोपहर तक," एवढं बोलून ते गेले. उद्या दुपारपर्यंत नळ सापडला नाही, तर आखल्याप्रमाणे खणायचं.

मी गंगाक्काच्या शेजारी जाऊन खाली बसलो. "अक्का, नळ साफ केल्यावर तो पुरता मोकळा झाला हे तुम्हाला कसं कळतं?"

"त्यात काय? वरच्या उसाशात मूठभर कोंडा टाकायचा, खालच्या उसाशाला बघत बसायचं. कोंडा आला की नळ साफ. पर दुसरा उसासा सोडला की कोंडा लई खेळवतोय. येता येत न्हाई."

मी उठून उभाच राहिलो. दुसऱ्या दिवशी सकाळी साखळीने अंतरं मोजली. पहिल्या ते दुसऱ्या उसाशाचं आणि दुसऱ्या ते तिसऱ्याचं अंतर जवळजवळ सारखं. लेव्हल लावून बघितली, उतारही सारखा. मग गंगाक्का वर कोंडा टाकायची, शरणप्पा रुमाल हलवायचा आणि मी खाली खिशातलं घड्याळ धरून पाण्यात बघायचो. पहिल्या टप्प्यात कोंडा नऊ मिनिटांत आला. दुसऱ्यात दहा उलटून गेली. तीनदा केलं, तिन्ही वेळा तेच. तेवढंच अंतर, तोच उतार आणि वेळ जास्त. म्हणजे मधे कुठेतरी नळ वळसा घालून जात होता. हिशेबाने वळसा पंचवीस-तीस फुटांचा निघत होता, आणि वीस फुटांवर माझी भिंत सुरू होत होती.

पण वळसा कुठे आणि कशासाठी? सरळ रस्ता सोडून कोणी उगाच वाकडं खणत नाही. मी शरणप्पाला विचारलं, "या दोरीच्या वाटेत काही होतं का रे? झाड, विहीर, काही?"

शरणप्पाने मुंडाशात बोट घालून डोकं खाजवलं. "काय नव्हतं साहेब. मोकळी जागा." मग म्हणाला, "तो धोंडा तेवढा होता."

"कुठला धोंडा?"

"पीरबाबाचा. जुनी कबर हाय म्हनत्यात. बेस्तरवारी लोक ऊद लावत्यात, साखर ठिवत्यात. आपल्याला तितं दगडांचा ढीग लावायचा होता. मानसांचे पाय लागतील म्हनून आदुगरच उचलून लिंबाखाली ठिवला. नारळ फोडला, माफी मागितली. उगं न्हाई उचलला!"

लिंबाखालचा तो धोंडा मी रोज बघत होतो. वर ताजा ऊद, भोवती मुंग्या. तो कायमचा तिथलाच, असं मी धरून चाललो होतो. माझ्या मुकादमाने भक्तिभावाने माझी एकुलती एक खूण उचलून बाजूला ठेवली होती! रागवावं तरी कसं? मी त्याच्या जागी असतो तर मीही नारळच फोडला असता.

धोंड्याची मूळ जागा शरणप्पाने पायाने दाखवली. ती बरोबर दोरीखाली होती. आता सगळं उलगडलं. जुन्या कारागिरांना खणता खणता कबर आडवी आली आणि त्यांनी तिला हात न लावता बाजूने वाट काढली. कबरीच्या दक्षिणेला जांभ्याचा खडक उघडा पडलेला होता, तिकडून नळ नेणं शक्य नव्हतं. राहिली उत्तर, म्हणजे माझ्या दवाखान्याची बाजू.

दुपार व्हायला तासभर उरला होता. कबरीच्या समोर, गंगाक्का बसली होती तिथेच, दक्षिणेच्या रेषेवर, मी पिट घ्यायला लावला. कमरेइतकं खाली गेल्यावर मी टिकाव बंद करून खुरपी दिली. दोन वितींवर पांढरा चुना लागला. चुन्याखाली गोल, लालसर खापर दिसलं. गंगाक्का खड्ड्यात उतरली आणि तिने त्यावर तळवा ठेवला.

"गार लागायलंय," ती म्हणाली आणि हसली. टिकावाचा एक घाव, आणि ऐन चैत्रात गल्लीचा पाण्याचा घोट गेला असता. तोही माझ्या हातून, दवाखाना बांधताना!

साहेब आले, खड्ड्यात डोकावले. मग म्हणाले, "कितना सरकाना पडेगा?"

"चाळीस फूट उत्तरेला साहेब. दोन दिवस रात्रंदिवस माणसं लावतो."

"लगाओ."

चर वेळेत झाले. तालुकदारसाहेबांनी पायाभरणी केली, नळ कसा सापडला ते साहेबांनी त्यांना रंगवून सांगितलं आणि त्या सांगण्यात "हमने" हा शब्द बराच आला. मला वाईट वाटलं नाही. हौदावर बायका पाणी भरत होत्या, ते मांडवातून दिसत होतं. धोंडा शरणप्पाने आणखी एक नारळ फोडून मूळ जागी नेऊन ठेवला.

पुढे नोकरीत पुष्कळ ठिकाणी खणलं. नकाशा बघायचो, ट्रायल पिट घ्यायचो, लेव्हल लावायचो. आणि टिकाव उचलण्याआधी मुकादमाला विचारायचो, "इथून काय हलवलंस?" उत्तर नेहमी एकच यायचं, "काय न्हाई साहेब." मग मी पुन्हा विचारायचो.