सिस्टरबाईंची पायवाट

सिस्टरबाई माणसाचं नाव विचारण्याआधी त्याच्या घराचं छप्पर विचारायच्या. ताप आला म्हणून मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले, तर माझ्या तोंडात थर्मामीटर ठेवून विचारतात, "खोली कोणती तुही? टिनाची का कवेलूची?" तोंडात थर्मामीटर असलेल्या माणसानं काय सांगावं? मी नुसती मान हलवली. "म्हणजे टिनाची," त्यांनीच ठरवून टाकलं.

माझी तेव्हा सानगडीला बँकेत बदली झाली होती. ओळखीचं कोणी नव्हतं, रविवार अगदी खायला उठायचा. सिस्टरबाई आरोग्य केंद्रातून निवृत्त झालेल्या. नवरा फार पूर्वी गेलेला, मूलबाळ नाही. गावाबाहेर, तलावाच्या उंच मातीच्या पाळीखाली, धानाच्या बांध्यांमध्ये, म्हणजे भातखाचरांत, त्यांचं एकट्याचं घर. तिथे जुन्या लॅपटॉपवर त्या दूरदेशची घरं काढत बसायच्या. कुठे साथ यायची, कुठे पूर. औषध घेऊन निघालेल्यांना वस्ती कुठे आहे हेच ठाऊक नसायचं. मग उपग्रहाच्या फोटोवर छप्पर शोधायचं, त्याचे कोपरे टिपायचे, की ते घर सगळ्यांसाठी खुल्या असलेल्या नकाशावर उमटायचं. जगभरची माणसं घरी बसून हे काम करतात. "नोकरीत दारं ठोकून लस देल्ली," सिस्टरबाई म्हणायच्या, "आता दारं दाखवून देते."

"आणि यात मिळतं काय?" मी विचारलं. "लाखोरीचे वडे," असं म्हणून त्यांनी ताटली पुढे सरकवली आणि मला लॅपटॉपसमोर बसवलं. मग माझे सगळे रविवार तिथेच जाऊ लागले. आम्ही फारसं बोलायचो नाही. एक छप्पर त्या काढायच्या, एक मी.

एकदा मात्र त्यांची फसगत झाली. आफ्रिकेतल्या एका गावातली गोल छपरं त्यांनी सोडूनच दिली. त्यांना वाटलं, हे कापलेल्या धानाचे पुंजणे. चूक तरी कशी म्हणावी? दिवाळीनंतर आमच्या बांध्यांत असेच गोल पुंजणे रचून ठेवलेले असतात. काम तपासणाऱ्या कुणा अनोळखी माणसानं नम्रपणे कळवलं, की ही घरं आहेत, यांत माणसं राहतात. मी तो निरोप मराठीत सांगितला, तेव्हा सिस्टरबाईंच्या हातातला वडा हातातच राहिला. "माणसायले धान समजली मी," एवढंच म्हणाल्या. आठवडाभर बसून त्यांनी ते अख्खं गाव पुन्हा काढलं.

तेव्हापासून त्यांनी एक खूण धरली. कुठलंही छप्पर दिसलं की आधी विचारायच्या, "पायवाट दिसते का पाह्य. पुंजण्याकडे कोणी रोज जात नाही. पायवाट हाय तं माणूस हाय."

कधीकधी त्या फोटो सरकवत सरकवत सानगडीवर आणायच्या. तलाव, पाळ, त्यांचं घर, आणि रस्त्यापासून दारापर्यंत आलेली एक पांढरी रेघ. नोकरीत होत्या तेव्हा अर्धं गाव त्या पायवाटेनं यायचं, इंजेक्शनला, बाळंतपणाला. आता रेघ बारीक झाली होती. "मी येते ना," मी म्हणायचे. त्या हसायच्या. "एका माणसाच्यानं पायवाट पडत नाही, पोरी." तरी त्यांनी स्वतःच्या हातानं ती नकाशावर काढली होती. "दिसते तोवर राहू दे. नाही दिसली का काढून टाकजो. खोटी पायवाट ठेवाची नाही, चिखलात कोणी फसून जाईन."

पुढे माझी बदली झाली. दर रविवारी फोन व्हायचा, आणि फोन चालू ठेवून आम्ही दोघी आपापल्या लॅपटॉपवर छपरं काढायचो. मागच्या पावसाळ्यात एका रविवारी त्यांच्या भाच्यानं फोन उचलला. त्या जाऊन तीन दिवस उलटून गेले होते.

या थंडीत सानगडीचा उपग्रहाचा नवा फोटो आला. घर होतं, रेघ नव्हती. नकाशावरची पायवाट बसल्या जागी पुसता आली असती. पण जाता येत असेल तर आधी जाऊन पाहावं, हा आमच्या कामाचा शिरस्ता. खरं सांगायचं तर मला जायचंच होतं.

बांध्यांत पुंजणे उभे होते. रस्त्यापासून पुढे गुडघाभर गवत. शेतातल्या एका बाईनं हटकलं, "कोणाकडे जाता जी? तिथं कोणी नाही राहत आता."

"माहीत आहे," मी म्हणाले.

"मग कायले जाता?"

गवतातून गेले. दाराला कुलूप होतं. पायरीवर थोडा वेळ बसले. सिस्टरबाईंची इतकी आठवण मला त्या गेल्याचं कळलं त्या दिवशीही आली नव्हती.

मग तलावाच्या पाळीवर चढून मोबाईलवरून पायवाट काढून टाकली. घर ठेवलं. मागे वळून पाहिलं तर माझ्या पायाखाली दबलेलं गवत रस्त्यापासून दारापर्यंत दिसत होतं. संध्याकाळपर्यंत ते पुन्हा उभं राहिलं असेल.