एका दिवसात काढलेले जोर

महिनाभर रोज थोडे थोडे काढायचे जोर मी शर्यतीच्या आदल्या दिवशी एकदम काढले.

चौलकडच्या आमच्या किनाऱ्यावर तेव्हा नारळी पौर्णिमेला जोडीची शर्यत होई. एकाने नारळ घेऊन वाळूतून खडकापर्यंत पळायचं, तिथे उभ्या असलेल्या जोडीदाराकडे तो द्यायचा आणि त्याने परत आणायचा. नारळ समुद्राला वाहायचा, म्हणून दोन्ही हातांनी छातीशी धरायचा. खाली पडला की जोडी बाद.

माझा जोडीदार कोळीवाड्यातला, माझ्याच वर्गातला. जाळी ओढून त्याचे खांदे तयार झालेले. मी सुपारीच्या वाडीतला, पोफळीसारखाच उंच आणि तितकाच रुंद. ड्रिल मास्तरांनी माझे दंड चाचपले, जरा हळहळले आणि म्हणाले, हात मोकळे नसले की पळताना सगळा भार खांद्यांवर येतो. तेव्हा रोज सकाळी पंचवीस जोर, सावकाश, छाती जमिनीला टेकेपर्यंत. शेवटचे दोन दिवस मात्र विश्रांती.

जोडीदाराच्या बापाने त्याला बजावलं होतं, जिंकलास तर मॅट्रिकपर्यंत शाळा, हरलास तर दुसऱ्या दिवसापासून होडी. हे मला ठाऊक होतं. तो रोज वाटेत विचारी, जोर काढलेस का? मी पंचवीस म्हणून सांगे. एकदा उदार होऊन तीस सांगितले. खरं तर त्या वेळी मी पांघरुणात असे.

आदल्या दिवशी मात्र धाबं दणाणलं. सकाळीच वाडीत जाऊन पालथा पडलो तो जेवणाच्या हाकेपर्यंत. हनुवटीला चिखल लागला की एक जोर झाला, असं धरत होतो.

पौर्णिमेला उठलो तर हात खांद्याच्या वर जाईनात. आईने विचारलं तेव्हा झाडावरून पडलो म्हणालो. नारळीभाताचे घास तिनेच भरवले.

शर्यतीत जोडीदार नारळ घेऊन खडकापाशी सगळ्यांच्या कितीतरी आधी पोचला. "नीट धर," एवढंच म्हणाला. मी निघालो. अर्ध्या वाटेत दंड थरथरायला लागले, आणि रेघ दहा पावलांवर असताना नारळ निसटला. फुटलासुद्धा नाही. फुटला असता तर नारळाला तरी नावं ठेवता आली असती. मी वाळूला ठेवली, भुसभुशीत होती म्हणालो. त्याने मागून येऊन नारळ उचलला, सदऱ्याला पुसला आणि बापाच्या हातात दिला. दुसऱ्या दिवशी तो होडीवर गेला.

मी मॅट्रिक झालो, मुंबईत कारकुनी करू लागलो. ही गोष्ट कचेरीत मी फार रंगवून सांगत असे. घास भरवण्यापाशी हमखास हशा येई. त्याच्या बापाचं बोलणं तेवढं मी कधी सांगितलं नाही.

दहाएक वर्षांनी रेवसच्या धक्क्यावर तो भेटला, मासळीच्या टोपल्या चढवत होता. माझी लाँच सुटायला वेळ होता. मग एकदाचं सांगून टाकलं, की वाळूचा काही दोष नव्हता, रोजचे जोर मी काढलेच नव्हते.

त्याने डोक्यावरची टोपली खाली ठेवली.

"म्हाईत हाय. तुझ्या आईनं तवाच सांगितलं, तुला भरवाया लागलं म्हणून. रोज जोर काढणाऱ्याचं हात असं आखडत न्हाईत. तू कवा बोलतोस, त्याचीच वाट बघत व्हतो." टोपली परत उचलताना तो म्हणाला, "तू पळायला बी हळू, आन् खरं बोलायला बी हळू."