गाठ ओढून बघणारी अनुया

अनुया कारखानीसच्या बोटीवर सुकाणूशेजारी एक पिवळं स्टिकर लावलेलं आहे. त्यावर इंग्रजीत दोनच शब्द आहेत: ओढून बघा. बोटीवर आलेला माणूस बर्मिंगहॅमचा बँक मॅनेजर असो, नाहीतर बायकोने वाढदिवसाची भेट म्हणून लंडनच्या पिनरहून पाठवलेला नवरा असो, त्याने बांधलेली गाठ अनुया स्वतःच्या हाताने ओढून बघते. सुटली तर शांतपणे म्हणते, "पुन्हा बांधा." कुणी हसतं, कुणाला राग येतो. एकदा एका निवृत्त नौदल अधिकाऱ्याने तिला सुनावलं होतं की तुझ्या जन्माच्या आधीपासून मी गाठी बांधतोय. त्याचीही गाठ तिने ओढली, आणि तीही सुटली.

वेल्समधल्या कार्डिफहून पश्चिमेला गाडीने दीड-पावणेदोन तास गेलं की टॉवी नदी समुद्राला मिळते. एप्रिल ते ऑक्टोबर तिथल्या खाडीत लोकांना बास पकडायला नेणं, हा अनुयाचा धंदा. बास म्हणजे तोंडावळ्याने आपला जिताडाच, फक्त गार पाण्यात वाढल्यामुळे जरा सडपातळ. बोट तिची, रॉड तिचे, मासा वाळूच्या कुठल्या दांड्याच्या कडेला असेल तो अंदाजही तिचाच. फेकणारे हात तेवढे पाहुण्याचे. मासा मिळाला की मोजायचा, फोटो काढायचा आणि पाण्यात सोडायचा. तिच्या आईला, अर्चनाला, हे शेवटचं कलम अजून पचलेलं नाही.

"हातात आलेला जिताडा परत पाण्यात?" ती म्हणते. "कारखानीसांच्या सात पिढ्यांत हे पाप कुणी केलं नव्हतं गं बाई."

अनुयाचा जन्म कार्डिफचा. आई हॉस्पिटलात फार्मसिस्ट. अनुया मेकॅनिकल इंजिनिअर झाली आणि बर्मिंगहॅमला रेल्वेचे सुटे भाग तपासणाऱ्या एका लॅबमध्ये लागली. तिथे तिचं काम एका वाक्यात सांगता येईल: वस्तू तुटेपर्यंत ओढायची आणि मग ती का तुटली ते लिहायचं. बोल्ट, साखळ्या, जोड, सगळं मशीनमध्ये धरून ओढायचं. तिच्या पहिल्या साहेबाने तिला एकच गोष्ट घोटून घोटून शिकवली. दोन्ही टोकं बघ. एका टोकावरून अंदाज करता येतो, पण खरं कारण दोन्ही टोकं शेजारी ठेवल्यावरच कळतं. सहा वर्षं तिने टोकं बघितली. शनिवार-रविवारी मात्र ती मासेमारीला पळायची. एकोणतिसाव्या वर्षी नोकरी सोडली, लायसन्स काढलं, जुनी अॅल्युमिनियमची बोट घेतली. आई पंधरा दिवस तिच्याशी फक्त व्हॉट्सअॅपवर बोलत होती.

आता तिचा हा चौथा मोसम. आणि या मोसमात जूनमधल्या एका गुरुवारी तिने आपला नियम पहिल्यांदा मोडला.

त्या दिवशी बोटीवर एकच पाहुणा होता, डॉक्टर शशी टिपणीस. वय बाहत्तर. कार्डिफच्या हॉस्पिटलात तीस वर्षं सर्जन होते. नात्याने कुणी नव्हेत, पण अनुयाला कळायला लागल्यापासून शशीकाकाच. सातव्या वर्षी सायकलवरून पडून तिची हनुवटी फाटली, तेव्हा टाके काकांनीच घातले होते. आज आरशात शोधूनही तो व्रण सापडत नाही. टाके काढले त्या संध्याकाळी तिने विचारलं, काका, गाठ कशी मारली? काकांनी जेवणाच्या टेबलाच्या पायाला दोरा अडकवला आणि तिला एका हाताने गाठ मारून दाखवली. आयुष्यातली पहिली गाठ ती त्यांच्याकडून शिकली.

आदल्या संध्याकाळी त्यांच्या बायकोचा, आशाकाकूंचा फोन आला होता.

"अनुया, उद्या त्यांच्या हाताकडे लक्ष ठेव," काकू हळू आवाजात म्हणाल्या. "उजवा हात थरथरतो. मला म्हणतात, तुझा भास आहे. दर बुधवारी युनिव्हर्सिटीत मेडिकलच्या मुलांना टाके घालायला शिकवतात ना, तिथे पुढच्या वर्षासाठी शुक्रवारपर्यंत हो की नाही कळवायचंय. हे हो म्हणायला बसलेत. तू काय ते बघ, आणि मला खरं सांग."

"काकू, मी डॉक्टर थोडीच आहे?"

"डॉक्टरांचं ते ऐकत नाहीत. म्हणून तर तुला सांगते."

सकाळी आठला काका धक्क्यावर हजर. डोक्यावर क्रिकेटची जुनी पांढरी हॅट, हातात थर्मास आणि साबुदाण्याच्या खिचडीचा डबा.

"आज संकष्टी, बरं का," बोटीत पाय टाकतानाच ते म्हणाले. "आणि मी निघालोय मासे मारायला. तुझी काकू म्हणाली, गणपती बघतोय. मी म्हटलं, सोडून देणार आहोत, उपास मोडत नाही."

"आणि चंद्रोदय किती वाजता आहे?"

"बाराच्या सुमारास! या देशात उन्हाळ्यातली संकष्टी म्हणजे शिक्षा आहे. बरं, भरती अकराला, बरोबर?"

अनुयाने भरतीचं कोष्टक काढलं. अकरा वाजून सहा मिनिटं. "तुम्ही ॲपवर बघितलं?"

"ॲप कसलं! माझी आजी अलिबागची. तिथीची पाऊणकी केली की तिथली भरती मिळते. चतुर्थी, म्हणजे चार पाऊणे तीन, तीनची भरती. त्यातून इथल्यासाठी चार तास वजा, हिवाळ्यात पाच. गेल्या चाळीस वर्षांत पाऊण तासाहून जास्त चुकलेलं नाही."

"काका, हा फॉर्म्युला मी वेबसाइटवर टाकते."

"टाक की. खाली माझं नाव घाल."

ती बोट हळूहळू खाडीच्या तोंडाकडे नेत होती. दोन्ही बाजूंना वाळूचे दांडे पाण्याखाली जात होते. एरवी ती पाहुण्यांना जे सांगते तेच तिने काकांना सांगितलं. इथे खडक नाही, सगळी वाळूच. दांड्याच्या कडेला पाण्याचा रंग बदलतो, तिथे मासा उभा असतो. फेकायचं ते त्या रेषेपलीकडे.

मग तिने लुअर काढली. लुअर म्हणजे बोटभर लांबीचा प्लॅस्टिकचा नकली मासा. पाण्यावर तरंगतो, पोटाखाली दोन गळ. गळांची उलटी टोकं अनुया पकडीने दाबून सपाट करते, म्हणजे सोडताना माशाला इजा होत नाही. ती गाठ बांधायला गेली तसा काकांनी हात पुढे केला.

"आण इकडे. गाठ मी बांधणार. सर्जनला बसवून ठेवून गाठी बांधतेस?"

तिने लुअर दिली.

लुअरच्या नाकावरच्या कडीतून दोरी ओवायची, पाच फेरे द्यायचे, टोक परत पहिल्या फटीतून घालायचं, थुंकीने ओलं करायचं आणि आवळायचं. अनुयाला याला पंधरा सेकंद लागतात. काकांना पहिल्यांदा दोरी कडीत गेलीच नाही. दुसऱ्यांदाही नाही. उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी, दोन्ही त्यांचं काही ऐकत नव्हती. काकांनी पाठ तिच्याकडे वळवली, कोपर मांडीवर टेकवलं, टोक दातात धरलं. अनुया समोरच्या स्क्रीनवर पाण्याची खोली बघत असल्याचं दाखवत होती. पण फेरे ती मोजत होती. तीनच झाले. टोक ओलं केलं नाही. आणि उरलेलं टोक काकांनी अगदी गाठीलगत कापलं.

"झालं," काका म्हणाले. "बघ."

स्टिकर दोघांच्या मधोमध होतं. हात पुढे करून एक झटका द्यायचा, बस. त्या नौदलवाल्याला दिला होता तसा.

"मस्त," अनुया म्हणाली.

दोन तासांत दोन लहान मासे आले, एक अठ्ठावीस सेंटिमीटरचा, एक तेहतीसचा. गाठ टिकली. अनुयाने स्वतःला समजावलं, टिकली ना? मधल्या वेळात काकांनी खिचडी खाल्ली, तिलाही दिली, आणि बुधवारच्या मुलांच्या गोष्टी सांगितल्या. एक मुलगी टाके इतके घट्ट घालते की केळ्याची सालही रडेल. हो, टाक्यांचा सराव सुरुवातीला केळ्यावरच. डुकराचे पाय नंतर.

"पुढच्या वर्षी पण जाणार?" अनुयाने विचारलं.

"न जायला काय झालं? उद्या कळवतो." मग लांब पाण्याकडे बघत ते म्हणाले, "घरी बसून करू काय, सांग. काकूची भाजी चिरू?"

अकरा वाजून गेले. पाणी उभं राहिलं, मग उलट वाहू लागलं. ओहोटीच्या पहिल्या अर्ध्या तासात दांड्याच्या कडेला पाणी वळतं, त्या वळणावर काकांनी लुअर टाकली. फेकणं अजून सुरेख होतं, त्याला खांदा लागतो, बोटं नाही. लुअर चार हात सरकली असेल नसेल, पाणी फुटलं, एक रुंद चंदेरी पाठ दिसली आणि रॉड हँडलपर्यंत वाकला.

"काका! मोठा आहे! जाऊ द्या, ओढू नका, पळू द्या त्याला!"

"पळतोय कसला, निघालाय आयर्लंडला!"

मासा दांड्यावरून खोल पाण्यात उतरला. रीळ किंचाळत होतं. काका उभे, पाय फाकलेले, तोंडाने बालपणीच्या अलिबागच्या शिव्या. थरथर कुठल्या कुठे गेली होती. मासा एकदा वर आला तेव्हा अनुयाने बघितलं, पाऊण मीटरच्या आसपास. तिच्या बोटीवर चार मोसमांत असा आला नव्हता. ती जाळी घेऊन वाकली.

आणि रॉड एकदम सरळ झाला.

काकांनी रीळ फिरवून दोरी आत घेतली. अनुयाने टोक हातात धरलं. ते सरळ तुटलेलं नव्हतं. डुकराच्या शेपटीसारखं वळसे खात गुंडाळलेलं होतं. तुटलेली दोरी अशी कधीच दिसत नाही. सुटलेल्या गाठीतून सरकत बाहेर आलेली दोरीच अशी दिसते.

"काय झालं?" काकांनी विचारलं.

"खडकावर घासली असेल."

काकांनी हॅट काढली, पुन्हा घातली.

"इथे खडक नाही. सकाळी तूच सांगितलंस."

अनुयाने इंजिन सुरू केलं, उगाच, बोट ओहोटीबरोबर थोडी पुढे नेली. तिला माशाची काळजी होती. तोंडात दोन गळ घेऊन तो खाली कुठे तरी होता. पाच-सात मिनिटं गेली असतील, मग काकांनीच बोट दाखवलं. डाव्या हाताला, फेसाच्या रेषेत, लुअर तरंगत होती. सपाट गळ माशाने झटकून टाकले होते. तिने जाळीने ती उचलली. नाकावरची कडी स्वच्छ होती, दोरीचा एक तंतूही नाही.

दोन्ही टोकं आता तिच्या हातात होती. ती शेजारी ठेवून तिने काकांच्या तळहातावर दिली.

"गाठ सुटली, काका. तीन फेरे होते. पाच लागतात. आणि ओलं केलं नव्हतं."

काकांनी दोरीचं गुंडाळलेलं टोक अंगठ्याने सरळ केलं. सोडलं तसं ते पुन्हा गुंडाळलं. हात थरथरत होता, आता त्यांनी तो लपवला नाही.

"बांधताना दिसलं होतं तुला?"

"हो."

"मग ओढून का नाही बघितलीस? ते लिहिलंय कुणासाठी?"

"तुम्ही काका आहात म्हणून." मग तिला राहवलं नाही. "काकूंनी मला सांगितलेलं, हाताकडे बघ. मी बघितलं. पण तुम्हाला कसं बोलू? माझे टाके तुम्ही घातले."

"वा! बायको हेर ठेवते, आणि हेर खोटं बोलतो." ते हसले, पण लगेच थांबले. दांड्याची पाठ उघडी पडू लागली होती, तिच्यावर दोन पक्षी येऊन बसले.

"तू मला लहानपणापासून ओळखतेस," ते म्हणाले. "घरची मुलगी. तू गप्प बसलीस. ती मुलं तर मला 'सर' म्हणतात. गेल्या महिन्यात मी एक टाका चुकीचा दाखवला. बाराजणांनी बघितलं. कुणी चकार शब्द काढला नाही. मला वाटलं, कुणाच्या लक्षात आलं नाही."

अनुयाने दुसरी लुअर काढली आणि दोरीसकट काकांपुढे धरली.

"पुन्हा बांधा."

काकांनी तिच्याकडे बघितलं, मग लुअर घेतली. सहा-सात मिनिटं लागली. या वेळी पाठ वळवली नाही. अनुयाने दोरी हाताला गुंडाळली आणि ओढली. सुटली.

"पुन्हा?"

"पुरे." काकांनी लुअर तिला परत दिली. "तू बांध."

तिने बांधली. काकांनी डाव्या हातात लुअर धरली, दोरी उजव्या मुठीला दोनदा गुंडाळली आणि सगळ्या ताकदीने ओढून बघितली. टिकली.

"चालेल," ते म्हणाले. "आता वीस मिनिटं आहेत ना? वाळूत रुतायच्या आधी?"

"पंचवीस."

त्या पंचवीस मिनिटांत एक मासा आला. अडतीस सेंटिमीटर. काकांनी तो पाण्यात धरून ठेवला आणि शेपटीने जोर केल्यावर सोडला.

धक्क्याकडे परतताना अनुयाचा फोन वाजला. स्क्रीनवर आशाकाकूंचं नाव. तिने एक हात सुकाणूवर ठेवून काकांकडे बघितलं. काकांनी हात पुढे करून फोन घेतला.

"हां, आशा, मीच बोलतोय. नाही, अनुया बोट चालवतेय... हो, मासा होता. मोठा होता. गेला." "गाठ सुटली. अगं नाही, तिने नाही. मी बांधली होती." मग पलीकडचं ऐकून घेतलं. "हो. उद्याच कळवतो, नाही जमणार म्हणून. आणि ऐक, रात्री बारापर्यंत माझ्याच्याने उपाशी राहवणार नाही. वऱ्याचे तांदूळ टाक."