बाईंचा डबा आणि माझा ‘ठो’

श्रीमती मार्थाबाई साळवे यांची आणि माझी पहिली भेट वजनकाट्याजवळ झाली. केडगावच्या एका मंगल कार्यालयात यंत्रमानवांच्या लढती होत्या. ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: घरी बनवलेली दोन यंत्रं जाड पारदर्शक पेटीत सोडायची, बाहेरून रिमोटने चालवायची आणि समोरच्याला उलटवायचं किंवा बंद पाडायचं. आमचा गट सर्वांत लहान, दीड किलोचा. त्याच्यावर केसभर वजन भरलं तरी आत प्रवेश नाही.

मी त्या वेळी तंत्रनिकेतनात यंत्र अभियांत्रिकी शिकवत होतो. यंत्राच्या तोंडाशी गरगर फिरणारी पोलादी पट्टी बसवली होती. घरी वजनही काटेकोर करून घेतलं होतं. मग हौस सुचली आणि पाठीवर लाल ऑइलपेंटचे दोन हात देऊन ‘नगरचा ठोसा’ असं ठसठशीत रंगवलं. रंगालाही वजन असतं हे माझ्या लक्षात आलं ते थेट काट्यावर.

“तोललं ते रंगाच्या आधी का नंतर?” मागून एका बाईंचा आवाज आला.

“आधी,” मी म्हणालो.

“मंग नाव खरवडा की. नाव कुठं लढतंय?”

त्यांनी पर्समधून कर्कटक काढून माझ्या हातात दिलं. बाई श्रीरामपूरच्या शाळेत भूगोल शिकवतात हे मला मागाहून समजलं. सगळ्या रांगेदेखत मी एकेक अक्षर खरवडत होतो आणि यंत्र पुन्हा काट्यावर ठेवत होतो. वजन बसलं तेव्हा पाठीवर फक्त ‘ठो’ उरला होता. तेव्हापासून आमच्या वर्तुळात माझ्या यंत्राचं कुणी दुसरं नाव घेतलेलं नाही.

बाईंचं यंत्र म्हणजे स्टीलचा जेवणाचा डबा. त्याला खाली चाकं आणि पुढे जमिनीला टेकलेलं उतरतं पातं. समोरच्याच्या पोटाखाली शिरायचं आणि उलथून टाकायचं, एवढंच त्याचं काम. त्या दिवशी पहिल्याच लढतीत त्यांनी ‘ठो’ला पालथा घातला. मी त्या डब्याला मनसोक्त नावं ठेवली. लोकांनी मात्र त्याला कौतुकाने एकच नाव ठेवलं, ‘बाईंचा डबा’. हरून घरी गेलो की आमची मंडळी आजही विचारते, “जेवणार का? की बाईंचा डबा खाऊन आलात?”

बाईंच्या कार्याविषयी या गौरवग्रंथात इतर मान्यवर लिहितीलच. शाळा सुटल्यावर विज्ञानाच्या खोलीत त्यांनी मुलींना तारांच्या सांध्यांना डाख लावायला शिकवलं आणि त्यांतल्या कितीतरी आज चांगल्या ठिकाणी आहेत. शिकवलं मीही. जन्मभर शिकवलं, वर यंत्रशास्त्रच शिकवलं. पण अंतिम फेरीत माझ्याच तंत्रनिकेतनाची मुलं “बाई, बाई” करून घसा कोरडा करतात, तेव्हा पृथ्वी कशी फिरते हे शिकवणाऱ्या बाईंनी यंत्रं फिरवायला कशाला यावं, असं मनात आल्यावाचून राहत नाही.

त्यांची खिलाडूवृत्ती तर सर्वांना माहीत आहे. राहुरीला एकदा ‘ठो’ उताणा पडून चारी चाकं हवेत फिरवत होता. नियमाने त्यांना आणखी एक धडक देता आली असती आणि प्रेक्षकही तेच मागत होते. बाईंनी रिमोट टेबलावर ठेवला आणि पंचांना म्हणाल्या, “पडलेल्याला काय मारायचं? सरांना घेऊ द्या त्यांचं लेकरू.” सभागृहाने उभं राहून टाळ्या वाजवल्या. त्यापेक्षा धडक परवडली असती. मारली असती तर निदान चार दिवस राग धरता आला असता.

आणि त्यांचा स्नेहभाव! एका स्पर्धेत उपांत्य लढतीपूर्वी माझी बॅटरी फुगली. मी यंत्र पिशवीत भरायला लागलो तोच बाईंनी आपली जादा बॅटरी पुढे केली. त्या बॅटरीवर मी उपांत्य लढत जिंकलो आणि अंतिम लढत त्यांच्याचकडून हरलो. या उपकाराची परतफेड करावी म्हणून मी तेव्हापासून सोबत जादा बॅटरी, चाकं, वायरी, सगळं बाळगतो. पण बाईंचं कधी काही बिघडतच नाही. मदत करण्याच्या बाबतीतही त्यांनी मला मागे टाकलं आहे. मला त्यांचा हेवा वाटतो, हे एव्हाना वाचकांनी ओळखलं असेलच. माझ्या साठीला पेढे आले होते, तेही मीच आणले होते. बाईंच्या साठीला ग्रंथ निघतो आहे आणि त्यात मी लिहितो आहे.

मात्र गेल्या हिवाळ्यात एक विपरीत घडलं. बक्षीस घेताना बाईंनी माइकवर सांगितलं, “अंगठ्याला मुंग्या येतात आता. ही माझी शेवटची लढत.” खरं तर मी पेढे वाटायला हवे होते. वाटेतला धोंडा आपणहून बाजूला होत होता. पण त्या रात्री मी जेवलोही नाही. आमची मंडळी म्हणाली, “आता जिंकाल की सुखानं.” कुणाविरुद्ध जिंकणार? बाई नसताना मिळालेलं पहिलं बक्षीस म्हणजे पहिलवान गावाला गेल्यावर मारलेली कुस्ती. इतकी वर्षं मला बक्षीस नको होतं, तो डबा उलटा पडलेला पाहायचा होता.

रविवारी एस.टी. धरून मी श्रीरामपूर गाठलं. बाई नुकत्याच चर्चहून आल्या होत्या.

“बाई, तुम्हांला थांबता येणार नाही,” मी उभ्याउभ्याच म्हणालो.

“का बरं?”

“तुमच्याविरुद्ध मी अजून एकदाही जिंकलेलो नाही.”

त्या हसतील असं वाटलं होतं, पण हसल्या नाहीत. चहाचा कप माझ्यापुढे सरकवून म्हणाल्या, “मंग जिंका की लवकर. मी काय अमरपट्टा घेऊन आलेय व्हय?”

“आणि दया येऊन मुद्दाम हरायचं नाही.”

“दया? तुमची?” आता मात्र त्या पोटभर हसल्या. “तसं व्हायचं न्हाई, सर. खेळते आणखी. पण तुमची ती मागची चाकं बदला, लई घसरतात.”

अंगठ्यावर त्यांनी डॉक्टरांचे उपचार सुरू केले आणि मी चाकं बदलली. आता घसरत नाहीत. याचाही मला राग आहे.

या मंगल प्रसंगी सर्व जण बाईंना दीर्घायुष्य चिंततील ते प्रेमापोटी. माझी शुभेच्छा स्वार्थाची आहे, म्हणून ती जास्त खरी समजावी. त्यांची नजर तीक्ष्ण राहो, अंगठा ठणठणीत होवो, हातपाय धडधाकट राहोत. ज्या दिवशी डबा उलटेल त्या दिवशी मी ‘ठो’वर पूर्ण नाव पुन्हा रंगवणार आहे, त्यासाठी लाल रंग आणून ठेवला आहे. तोवर बाईंनी रिमोट खाली ठेवू नये. त्यांनी शंभरी गाठावी असं म्हणणार होतो, पण माझी प्रगती पाहता तेवढ्याने भागेलसं वाटत नाही.