प्रभाकररावांची झोप आणि ट्रॅक्टरची बॅटरी

प्रभाकर देवघरे यांनी उभी नोकरी कालव्यांचे नकाशे काढण्यात घालवली. त्यामुळे निवृत्तीनंतरही कागदावर रेघ ओढल्याशिवाय त्यांना बाजारातून वांगी आणता येत नसत. माणूस गोल, हसरा, आणि घोरण्यात मोहल्ल्यात एक नंबर. 'देवघरेकाका झोपले का?' असं बालाघाटात कुणाला विचारावं लागत नसे.

वर्षातून एकदा, संक्रांत झाली की, ते आणि त्यांचे तीन जुने मित्र, घनश्याम, वसंता आणि प्रेमलाल, तंबू घेऊन गांगुलपाराच्या तलावाकाठी मुक्कामाला जात. मासे, खिचडी, शेकोटी आणि तरुणपणीच्या त्याच त्या थापा. प्रभाकररावांचा सगळा जीव त्या दोन दिवसांत. मागच्या वर्षी मात्र विचका झाला. घोरता घोरता त्यांचा श्वास मध्येच थांबतो, हे शेजारी झोपलेल्या घनश्यामच्या ध्यानात आलं. बिचारा रात्रभर त्यांचा पाय धरून बसला. आवाज बंद झाला की पाय हलवायचा. सकाळी त्याने जाहीर केलं, "पुढच्या साली याले आणाचं असंन तर इलाज करून आणा. मले नाई जमत बाप्पा."

मुलगा पियुष त्यांना नागपूरला घेऊन गेला. तिथून नाकावर बसवायचा मुखवटा, लांब नळी आणि पावाच्या लादीएवढं एक यंत्र घरी आलं. यंत्र झोपेत नाकात हवा सोडी आणि श्वासाची वाट उघडी ठेवी. घोरणं थांबलं. आशालताबाईंना लग्नानंतर पहिल्यांदाच रात्री भिंतीवरचं घड्याळ ऐकू आलं. पण डॉक्टरांनी बजावलं होतं, एक रात्रही यंत्राशिवाय झोपायचं नाही. यंत्राला वीज लागते, आणि तलावाकाठी वीज नाही.

यंदाची संक्रांत झाली तसा प्रभाकररावांनी नकाशा काढला. लालबर्ऱ्याच्या मामेभावाने, खेमराजने, ट्रॅक्टरची बॅटरी दिली. बॅटरीवर इन्व्हर्टर, इन्व्हर्टरवर यंत्र. हवा कोरडी पडू नये म्हणून यंत्रात पाणी असतं; त्याला ऊब देणारी पट्टी सगळ्यात जास्त वीज खाते असं पियुषने फोनवर सांगितलं, म्हणून ती बंद. तंबूत डोकं कुठे, बॅटरी कुठे, नळी कुठून, सगळं निळ्या पेन्सिलीने दाखवलं.

आशालताबाईंनी नकाशा पाहून परत केला. "कागदावर तं धरणंही भरते. आधी घरी एक पूर्ण झोप या डबड्यावर काढून दाखवा. मंग जा."

"आज रातीच दाखवतो."

"रातीले काहून? मी काय जागत बसू? अन् ते बॅटरीचं तेजाबाचं भांडं माह्या खोलीत नाई पाहिजे. दिवसा झोपा, ओसरीवर. मी आपल्या डोळ्यानं पाहीन."

दिवसा गाढ झोप यावी म्हणून प्रभाकरराव रात्रभर जागले आणि सकाळी ओसरीवरच्या खाटेवर मुखवटा लावून आडवे झाले. आशालताबाई भाजी आणायला गेल्या. ओसरीचा कठडा बुटका, समोरच रस्ता. दूध घालायला आलेल्या महागूला दिसलं ते असं: काका निपचित, नाकाला नळी, खाटेखाली बॅटरी, लाल-काळ्या तारा.

आजारी माणसाला भेटायला आपल्याकडे उशीर करत नाहीत आणि रिकाम्या हातानेही जात नाहीत. बघता बघता ओसरी भरली.

शेजारच्या पुष्पलताबाईंनी पदर तोंडाला लावला. "काल तं बोलले माह्यासंग. आज तारेवर आले वं माय!"

"डॉक्टर ने हाथ खड़े कर दिए क्या?" महागूने हळूच विचारलं.

कुजबुजीने प्रभाकरराव जागे झाले. 'मले काही नाई झालं' असं सांगायला त्यांनी तोंड उघडलं, तर नाकातली हवा तोंडातून सुटली आणि शब्दांऐवजी सायकलच्या ट्यूबसारखं फुस्स निघालं. पुष्पलताबाई मोठ्याने रडू लागल्या. शेवटी मुखवटा काढून तेच उठले आणि चहा टाकला. आलेल्या माणसाला कोरडं कसं पाठवायचं? आशालताबाई परतल्या तेव्हा रोगी कपबशा विसळत होता आणि खाटेवर केळ्यांच्या फण्या झोपल्या होत्या.

"नापास," त्या म्हणाल्या.

आता एकच दिवस उरला होता. परवा सकाळी तलावाकडे जीप निघणार होती.

संध्याकाळच्या बसने हट्ट्याहून प्रभाकररावांची मोठी बहीण कमलाताई आली. बसस्टँडपासून रडत आली. भाऊ केळं खाताना दिसला तरी थांबली नाही. सुरू केलेलं रडणं मध्येच सोडायची तिला सवय नव्हती. पुरतं रडून झाल्यावर तिने डोळे पुसले. "मले सांगतलं, बाबूले तारेवर ठेवलं म्हणून!"

"ताई, मी बरा आहो. झोपून पाहत होतो."

"झोपाले तार लागते का रे?"

प्रभाकररावांनी नकाशा उलगडला. ताईने सगळं ऐकून घेतलं. "म्हंजे उद्या तुले कोणी उठवाचं नाई. एवढंच ना? पाह्यते मी, कोण उठवते तं."

दुसऱ्या दिवशी प्रभाकरराव पुन्हा मुखवटा लावून खाटेवर आडवे झाले आणि ती अडकित्ता घेऊन पायरीवर बसली. तोवर बातमी राजेगावपर्यंत गेली होती. आलेल्या प्रत्येकाला ताई अडकित्त्याने जागा दाखवी. "चप्पल तिकडे. केळं इकडे. तोंड बंद." एकाला खोकला आला, त्याला तिने रस्त्यापलीकडे पाठवलं. बशीचा आवाज होतो म्हणून आशालताबाईंना चहा नुसत्या कपातून द्यावा लागला. मंडळी भिंतीला टेकून ओळीने बसली, देवळात बसावी तशी, आणि गेली दिवेलागणीला.

तेव्हाच प्रभाकररावांनी डोळे उघडले. आशालताबाई खाटेखाली वाकल्या. इन्व्हर्टरचा हिरवा दिवा अजून लागलेला होता. त्यांनी तो दोनदा पाहिला.

"जा," त्या म्हणाल्या. "पास."

प्रभाकरराव उडी मारून घनश्यामला फोन करायला निघाले. मागून ताईचा आवाज आला, "आशा, माही पिशवी भर वं. जाड शाल टाक त्यात."

"ताई, एवढ्यात हट्ट्याले निघाल्या?"

"हट्ट्याले काहून? तलावाले. बिमार भावाले पाहाले आली अन् त्याले जंगलात टाकून घरी गेली, तं लोक काय म्हणतीन?"

"पण ताई," फोन हातात धरून प्रभाकरराव म्हणाले, "मी बिमार नाई. अन् तिथं सगळे गडीमाणसं असते."

"तं मी काय वाघ आहो?"

यावर नकाशात काही उपाय नव्हता.

सकाळी जीप निघाली तेव्हा पुढच्या सीटवर ताई होती. मागे चार मित्र, तंबू आणि बॅटरी एकमेकांच्या मांडीवर. नाका ओलांडताना वसंताने खिशातून बिडी काढली.

"ठेव आत," मागे न पाहता ताई म्हणाली.

त्याने ठेवली. प्रेमलालने प्रभाकररावांच्या कानात विचारलं, "दोन दिवस अशाच राहतीन का?"

"नाई बे," प्रभाकरराव खुशीत म्हणाले. "आता तं ते पाहुणीसारखी नरम आहे. खरी ताई तिथं पोचल्यावर पाह्यजो."