चकाकत्या बाजूचं कुंकू

माझ्या गाडीत बसून मलाच गाणं बंद करायला सांगणाऱ्या माणसांची त्या वर्षांत काही कमी नव्हती. मुंबईहून यायचे, दिल्लीहून यायचे, शेतकऱ्यांच्या आत्महत्या झालेली घरं पाहायला, गळ्यात कॅमेरे, हातात पाण्याच्या बाटल्या. बडनेऱ्याला रेल्वेतून उतरून माझी भाड्याची गाडी करायचे आणि गावाबाहेर पडलो की मागून हळूच आवाज यायचा, "ड्रायव्हरसाहेब, जरा बंद करता का? आपण कुठे चाललोय, माहीत आहे ना?"

माहीत आहे ना! माझ्याच मुलखात चाललोय. त्यातल्या निम्म्या घरांत मी लग्नाच्या पंगतीला जेवलो होतो. मी म्हणायचो, "साहेब, आवाज कमी करतो. बंद नाई करत." एकदोघं रागावून उतरले, दुसरी गाडी केली. गेले तर गेले. वऱ्हाडात माणसं मरून राहिली म्हणून जे जिवंत आहेत त्यांनी तोंड शिवून बसावं, हा कायदा कोणी केला बाप्पा? मला तर कोणी विचारलं नव्हतं.

गाडी मी अकोल्याच्या एका डॉक्टरकडून जुनी घेतली होती. तिच्या डिक्कीत डाव्या अंगाला एक काळी पेटी बसवलेली होती, चेंजर. तिच्यातून एक चपटा डबा ओढून काढायचा, त्यात सहा कप्पे, कप्प्यात एकेक सीडी. डबा परत ढकलायचा, पुढं येऊन बटण दाबायचं, की मागं ती पेटी स्वतःशीच गुरगुरत चकत्या बदलायची. आमची माय सीडीला चकती म्हणायची. मग घरात सगळेच चकती म्हणायला लागले.

पण नखरा केवढा त्या पेटीचा! सायबर कॅफेवाल्या पोरानं पहिल्यांदा मला एमपीथ्री भरून दिली. म्हणे, काका, एका चकतीत दीडशे गाणी, नागपूर येईन पण गाणी नाई सरणार. लावली, तर समोर बटणांजवळच्या छोट्या काचेवर नुसतं 'एरर'. चेंजर जुन्या जमान्याचा, त्याला ती भाषाच कळायची नाही. पुसून पुन्हा भरता येणारी चकती दिली, तीही त्यानं ओळखली नाही. वर सुंदर कागदी लेबल चिकटवलं, तर चकती कप्प्यातच अडकून बसली, चिमट्यानं काढावी लागली. शेवटी मी शिकलो. साधी कोरी चकती घ्यायची, हळू वेगानं साधी गाणी भरायची, वर पेननं नंबर टाकायचा, बस. सासऱ्यांची मर्जी मी इतकी कधी सांभाळली नाही.

त्याच वर्षांत माझी लहान बहीण पोरीला घेऊन आमच्याकडं राहायला आली. तिचा नवरा गेला होता. कसा गेला, हे तेव्हा आमच्याकडं कोणी विचारत नसे. विचारायची गरजच पडत नसे. बहीण आली आणि घरात अशी वावरायला लागली, जसं काही तिच्या चालण्याचाही कोणाला त्रास होईल. लहानपणी हीच पोट्टी जांभळाच्या झाडावरून खाली उतरायची नाही, म्हणून माय काठी घेऊन उभी राहायची. मला ते पाहवत नव्हतं. खरं सांगतो, रडू नाही यायचं, राग यायचा.

तिला येऊन वर्ष उलटलं आणि दसरा आला. गाडी धुतली, झेंडूचा हार घातला. माझी बायको हळदीकुंकवाचं ताट घेऊन बाहेर आली. बहीण दाराआड उभी. आणि माय आतल्या खोलीत, पाठ करून. बाप गेल्यापासून माय दसऱ्याला आतच बसायची. आम्हाला त्यात कधी काही वावगं वाटलं नव्हतं. इतकी सवय झाली होती.

मी दाराकडं पाहून म्हटलं, "ये वं बाहेर. गाडीची पूजा तू कर."

आतून मायचा आवाज आला, "काय करून राहिला तू? गाडी रस्त्यानं चालते. पोटाची गाडी हाय. तिच्या हातानं नोको."

"माही गाडी हाय. माही बहीणच करीन."

माझी बायको तशी तोंडाची फटकळ, पण त्या दिवशी मला तिचा अभिमान वाटला. तिनं ताट सरळ बहिणीच्या हातात दिलं आणि म्हणाली, "घ्या. माह्या हाताले काय सोनं लागलं हाय काय?"

बहिणीनं आधी बोनेटला लावलं, मग चाकांना. मग तिला जोरच चढला. स्टिअरिंग झालं, गिअर झाला, आरसा झाला. डिक्की उघडून तिनं चेंजर पाहिला. आमच्या घरची एक रीत आहे. अवजाराला कुंकू लावायचं ते त्याच्या काम करणाऱ्या अंगाला. विळ्याला धारेवर, वखराला पासेच्या पात्यावर, शिलाई मशीनला सुईच्या खाली. मुठीला, दांड्याला कोणी लावत नाही. मी मोठ्या कौतुकानं डबा ओढून तिच्यासमोर धरला, एकेक चकती काढली.

तिनं विचारलं, "भाऊ, यातली काम कोन्ती बाजू करते?"

"चकाकते थे," मी म्हणालो.

तिनं सगळ्या चकत्यांच्या चकाकत्या बाजूला हळदकुंकू लावलं. ओलं, चांगलं बोटभर. मी स्वतः डबा परत ढकलला. काही बिघडेल, असं आमच्या कोणाच्या मनातही आलं नाही. कुंकवानं विळा कधी बोथट झाला नाही, वखर कधी मोडला नाही. ते बिघडवतं, हे कळणार कसं?

दुसऱ्या दिवशी अचलपूरचं भाडं होतं. बटण दाबलं, मागं पेटी खर्र करून ओरडली, थांबली, आणि काचेवर 'एरर'. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. संध्याकाळी घरी येऊन मी फक्त इतकंच म्हटलं की चेंजर बंद पडला. मायनं कपाळावर हात मारला. "सांगतलं होतं मी. आज गाणं गेलं, उद्या गाडी जाईन."

ती हळू बोलली असती तर बरं झालं असतं. बहिणीनं ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून मी गाडी काढायला निघालो की ती घरात आत जायची. माझा डबा भरायची, पण बायकोच्या हातानं बाहेर पाठवायची. तिची पोरगी गाडीला हात लावायला गेली, तर तिनं तिला दंडाला धरून मागं ओढलं. ते पाहिलं आणि मी ठरवलं. आता हा प्रश्न गाण्याचा राहिला नव्हता. ही पेटी वाजली नाही, तर माझी बहीण जन्मभर दाराआड उभी राहील, आणि तिच्या मागं तिची पोरगी.

अमरावतीत दोन दुकानं पालथी घातली. एक म्हणाला, घरी भरलेल्या चकत्या या चेंजरला झेपत नाहीत. अरे, वर्षभर झेपल्या ना लेकाच्या! तरी नव्या भरून आणल्या. एरर. दुसरा म्हणाला, फेकून द्या, पुढं नवा प्लेअर लावा, एमपीथ्री वाजवा, दीडशे गाणी. मी म्हटलं, "मले दीडशे नाई पायजे. मले हेच वाजलेलं पायजे."

मग डॉक्टरनं ज्याच्याकडून ती पेटी बसवून घेतली होती, त्या अकोल्याच्या माणसाचा पत्ता काढला. आणि मायला म्हटलं, चाल गाडीत. ती म्हणे, मी कायले? मी म्हटलं, जे निघीन थे तुह्या डोळ्यानं पाय. मूर्तिजापूर मागं पडलं. गाडीत नुसता इंजिनाचा आवाज होता.

दुकानदार चाचा वयानं मायच्याच बरोबरीचे. त्यांनी पेटी टेबलावर ठेवली, स्क्रू काढले, झाकण उचललं आणि हसायला लागले. आत सगळीकडं पिवळी-लाल भुकटी. आणि चकती वाचतं त्या बारीक भिंगावर तिचाच थर.

"पूजा कोणी केली बाप्पा याची?"

"माह्या बहिणीनं," मी मोठ्यानं म्हणालो. मायला ऐकू जावं म्हणूनच.

"मनापासून केली. कोपरा नाई सोडला."

माय स्टुलावरून पुढं वाकली. "सवाष्णीनं केली असती त बिघडलं असतं का?"

चाचांना प्रश्न कळायला जरा वेळ लागला. मग ते म्हणाले, "अम्मा, हळदीले काय ठाऊक बोट कोणाचं व्हतं? कोणीबी लावली असती तरी भिंग आंधळंच झालं असतं." आणि कापसाचा बोळा भिजवून ते भिंग पुसायला लागले.

पेटी वाजली. दुकानातच वाजली. मी चाचांना चहा पाजला, पाया पडायचंच काय ते बाकी राहिलं होतं. परत निघालो तेव्हा मी मुद्दाम आवाज मोठा ठेवला. बोरगाव मंजू मागं पडलं आणि माय म्हणाली, "बारीक कर. बोलाचं हाय."

मी गाणं बारीक केलं.

"तुहा बाप गेला त्या साली पोळ्याले मी गोठ्यात गेलती. कोणी नव्हतं. पांढऱ्याच्या कपाळाले कुंकू लावलं. लहान होता तवापासून मीच लावत जाओ. अन् आठ दिवसात त्याचा पाय मोडला." ती खिडकीबाहेर पाहत होती. "तवापासून मी कायलेच हात नाई लावला."

मी गाडी बाजूला घेतली. इतकी वर्षं ही बाई आत पाठ करून बसत होती, ते रीत म्हणून नाही. तिला वाटत होतं, तिच्या बोटानं बैल मोडला.

"माय, पांढरा नाल्याच्या उतारावर घसरला. चिखल व्हता. मी व्हतो तेथी. भरलेली बैलबंडी मागून आली अन् तो खाली बसला. कुंकवाचा काय संबंध?"

"मले काहून नाई सांगतलं?"

"तू कवा इचारलं?"

तिनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "वाढव थे गाणं."

घरी आल्यावर मी अंगणात गाडी उभी केली, डिक्की उघडली आणि आवाज असा सोडला की शेजारचे बाहेर आले. बहीण दारात आली. माय तिला म्हणाली, "हळद गेलती आत. दुसरं काई नाई." एवढंच. पण बहीण उंबरा ओलांडून बाहेर आली, आणि तिच्या पोरीनं गाडीच्या दाराला लटकून घेतलं. या वेळी तिला कोणी ओढलं नाही.

पुढच्या दसऱ्याला बहिणीनं ताट घेतलं, गाडीला कुंकू लावलं, आणि सरळ आतल्या खोलीत गेली. मायचा हात धरून तिला बाहेर आणलं. शेजारच्या दोन बायका कुजबुजल्या. मी त्यांच्याकडं असं पाहिलं, की त्यांना एकदम घरातलं काम आठवलं. माय गाडीसमोर उभी राहिली, ताट हातात, काय करावं ते सुचेना तिला. बोनेटला एक टिकली लावली. मग डिक्कीकडं गेली. मला म्हणाली, "थ्या चकत्या काढ."

मी डबा ओढला. बहीण घाईनं म्हणाली, "भाऊ, वरून लावू दे, नंबर टाकते त्या बाजूनं."

मायनं बोट कुंकवात बुडवलं आणि माझ्याकडं पाहिलं. "काम कोन्ती बाजू करते?"

"चकाकते थे, माय," मी म्हणालो, आणि सहाही चकत्या उलट्या करून तिच्यासमोर धरल्या.